उषाबाईला गाडी लागते

आमच्या ताईला गाडी लागते, हे वडीगोद्रीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. उषाबाई कुठं निघाली म्हणलं की लोकं आधी लिंबू शोधतात. "लिंबू घेतलं का? पिशवी घेतली का? गोळी खाल्ली का?" बाई कुठं चालली, कशाला चालली, हे कुणी इचारत न्हाई. ती ओकणार, एवढंच सगळ्यांना माहिती. मला ह्याची इतकी चीड येते ना, एकेकाच्या तोंडात ते लिंबू कोंबावं वाटतं.

उपायांचं तर बोलूच नका. कुणी म्हणलं, पोटाला वर्तमानपत्र बांध. कुणी म्हणलं, ओवा चावत बस. एका शहाणीनं कांदा फोडून हुंगायला दिला, त्यानं नसलेली ओकारी आली. कुणी दंडाला काळा दोरा बांधला. सगळं काही बाईला केलं. गाडीकडं एकानं वाकून बघितलं न्हाई. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

माझी ताई काही नाजूक बाई न्हाई. बैलाच्या जखमेतल्या अळ्या ती काडीनं वेचून काढते अन् हात धुऊन भाकरी थापायला बसते. म्हैस अडली तर शेजारचे लोक डॉक्टरच्या आधी तिला बोलावतात. कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन बांधावरून चालली तर मागून येणाऱ्या गड्याला पळावं लागतं. आमचं माहेर जांब समर्थचं. लग्नानंतर कितीतरी वर्षं ती लाल एस्टीनंच माहेरी यायची. मागच्या सीटवर, खाली खड्डे, मांडीवर तिची शीतल अन् हातात भेळीचा पुडा. भेळ खात खात यायची बाई! एकदा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभ्यानं आली, तरी हसत उतरली. मंग दारात गाडी आली, अन् बाईला गाडी लागायला लागली.

गाडी आणली आमच्या दाजीनं, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं. कडूबा त्यांचं नाव. माणूस वाईट न्हाई, असं लोकं म्हणतात. लोकांचं काय जातं म्हणायला! मोसंबीचा एक बहार बरा गेला, त्यात दाजीनं एक जुनी पांढरी गाडी घेतली. घेतली तवाच ती कुणीतरी वापरून सोडलेली होती, पण दाजीचा तोरा असा की जणू कारखान्यातून हातानं घडवून आणली. दर अमावस्येला गाडीची पूजा. बोनटवर कुंकवाचं स्वस्तिक, समोरच्या काचेखाली वायपरपाशी जी काळी जाळी असते तिच्यावर झेंडूची फुलं, मूठभर अक्षता, खोबऱ्याचा तुकडा अन् गुळाचा खडा. नैवेद्य तिथंच ठेवायचा, उचलायचा न्हाई. "गाडी म्हणजे लक्ष्मी," म्हणायचे. घरातल्या लक्ष्मीला एखादा गजरा आणल्याचं मला आठवत न्हाई.

अन् ही लक्ष्मी राहायची कुठं? पत्र्याच्या शेडात, कापसाच्या ढिगाशेजारी. भाव वाढंल, भाव वाढंल म्हणून दाजी संक्रांतीपर्यंत कापूस धरून बसतात. तोवर त्या शेडात उंदरांचं राज्य.

गाडीत काच उघडायची न्हाई, हा दाजीचा कायदा. रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची धूळ, अन् एसीची गाडी घेतली ती काय काच उघडायला? ताईनं पहिल्यांदा उलटी केली, तवा दाजी म्हणले, मागं बसल्यानं होतं, पुढं बस. पुढं बसवलं अन् समोरची हवेची झडप बराबर तिच्या तोंडावर वळवली. ताजी हवा लागू दे म्हणे! तिथून पुढं बाई दर खेपेला ओकली. दाजीच्या तोंडात कायम तंबाखूचा बार, त्यांच्या नाकाला काय कळणार?

एस्टीत ओकत न्हाई अन् ह्याच गाडीत ओकते, एवढं तर म्हशीलाही कळलं असतं. ताई बिचारी म्हणायची, "मला एस्टीनं जाऊ द्या, मी बराबर जाते." पण दाजीचा दुसरा कायदा होता. दारात गाडी असताना बायको लाल डब्यात बसली तर लोकं काय म्हणतील? झालं. गाडीत बसलं तर ओकारी, एस्टीत बसलं तर इज्जत जाती. मंग बाईनं जायचंच न्हाई. हळूहळू तिचं जाणं-येणं बंद झालं. लग्नं चुकली, जत्रा चुकली. दोन वर्षांमागं आमची माय संभाजीनगरच्या दवाखान्यात होती, तवाही ताई आली न्हाई. दाजी एकटेच आले. माय सारखी इचारत होती, "उषी आली का?" दाजी खाटेपाशी उभे राहून म्हणले, "तिला गाडी सोसत न्हाई. ती म्हणली, तुम्हीच जाऊन या." मायनं त्यानंतर उषीचं नाव काढलं न्हाई. ताईनं मायला बघितलं ते जांबला, अंगणात निजवलेली.

हे सगळं आता सांगायचं कारण, शीतलचं ओटभरण. शीतल म्हणजे ताईची एकुलती एक लेक, तिला भोकरदनकडं धावड्याला दिली. सातवा महिना लागला अन् सासरच्यांनी डोहाळजेवण ठरवलं. आईनं येऊन ओटी भरायची, ही रीत. पण शीतलच्या साखरपुड्याला ताई धावड्यात उतरली ती नव्या लुगड्यावर ओकून. विहीणबाईंनी तिला न्हाणीत नेलं अन् बाहेर बायका तोंडाला पदर लावून हसल्या. दाजीला ते लई लागलं. ताईला काय वाटलं असंल, ते त्यांनी इचारलं न्हाई. ह्या वेळी त्यांनी मला जालन्याला फोन केला.

"मेव्हणीबाई, तुम्ही चला. ओटी तुम्हीच भरा. मावशी म्हणजे आईच की."

"अन् ताई?"

"ती न्हाई येत. उगं पुन्हा तमाशा कशाला?"

माझं डोकंच फिरलं. लेक जिची, तिनं घरी बसायचं अन् मी ओटी भरायची? पण फोनवर भांडून काय होतं? मी आदल्या दिवशीच एस्टीनं वडीगोद्रीला गेले. म्हणलं, समोर उभी राहून भांडते.

दाजी फाट्यावर गाडी घेऊन आल्ते. मी पुढं बसले. दार लागलं, काच बंद, अन् समोरच्या झडपेतून हवेचा झोत तोंडावर आला. अरारारा! काय सांगू! कुजलेलं, आंबलेलं, मुतासारखं काहीतरी, अन् त्याच्यावर मोगऱ्याचं अत्तर. डॅशबोर्डवर अत्तराच्या बाटल्या वळीनं चिकटवलेल्या, झडपेच्या फटीत उदबत्ती खोचलेली. मी पदर नाकाला लावला.

"दाजी, हा वास कसला?"

"मोगरा हाय. भारी हाय का न्हाई?"

"मोगऱ्याच्या खालचा वास!"

"खाली काही न्हाई. तुम्हा बहिणींची नाकंच तसली."

मी काच खाली केली अन् घर येईपर्यंत डोकं बाहेर काढून बसले. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्याही घरी एक छोटी गाडी आहे. गेल्या उन्हाळ्यात तिच्या एसीतून हवा येईना. सर्व्हिसिंगवाल्यानं फिल्टर अन् सफाई मिळून दोन हजारांच्या घरात खर्चा सांगितला. आमचे मालक खिशात हात घालत होते, मी म्हणलं थांबा. मोबाइलवर एका पोरीचा व्हिडिओ बघितला, दुकानातून अडीचशेचा फिल्टर आणला अन् चहा उकळेपर्यंत बसवून टाकला. बाहेरची हवा गाडीत येताना ज्या कागदी चाळणीतून गाळून येते, ती ही चाळणी.

घरी उतरले अन् आधी तेच इचारलं, "दाजी, हवेचा फिल्टर कधी बदलला?"

"इंजिनचा? तो मेकॅनिक बदलतो की."

"इंजिनचा न्हाई, आतल्या हवेचा. आपण श्वास घेतो त्या हवेचा."

दाजी हसले. "हवेला कुठं फिल्टर असतोय का? शोरूमवाल्यांनी तुम्हाला लुटलं, मेव्हणीबाई."

ताई चुलीपुढं बसून ओटीचे लाडू वळत होती. शेजारी पाटावर हिरवं लुगडं, खण, नारळ, हळकुंडं, सगळं मांडून ठेवलेलं. स्वतः जाणार न्हाई, तरी लाडू एकसारखे, एक लहान न्हाई की एक मोठा न्हाई. मला बघून म्हणली, "धाकले, हिरव्या बांगड्या तू भर तिच्या हातात. उजव्या हातात एक जास्त भर." एवढंच बोलली अन् पुन्हा लाडवाला हात घातला. मला रडू आलं, अन् रडू आलं की मला राग येतो. मी म्हणलं, "लाडू ठेव. चल माझ्यासंगं."

हायवेवरच पुंजारामचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. फिल्टर मागितला तर पुंजाराम डोकं खाजवायला लागला. "हे इथं कुणी मागतच न्हाई, ताई. हवा फुकट असती, तिला कोण पैसे लावतंय?" पण वरच्या फळीवरून एक खोका निघाला, धुळीनं माखलेला. ह्याच गाडीचा. दाजी मागून आल्ते, म्हणले, "अडीचशे रुपये पुठ्ठ्याला?" मी म्हणलं, "अत्तराच्या एवढ्या बाटल्या आणल्या, त्या काय फुकट आल्त्या?" पैसे ताईनं दिले, कमरेच्या पिशवीतून.

शेडात गाडी उभी केली. मी आधी समोरचा कप्पा रिकामा केला. त्यात काय न्हाई! तंबाखूच्या पुड्या, फुटका आरसा, लग्नपत्रिका, अन् ताईसाठी ठेवलेल्या ओकायच्या पिशव्यांची जुडी. मंग कप्प्याच्या दोन्ही बाजू आत दाबल्या, तो खळकन खाली आला. ह्याला पाना लागत न्हाई, पेचकस लागत न्हाई, फक्त दोन हात लागतात. मागं एक लांबट झाकण दिसलं, दोन्ही टोकांना चिमटे. दाजी मागून सूचना करून राह्यलेत, "तोडू नका, बराबर धरा, जल्दी करू नका." मी पदर नाकाला बांधला, ताईलाही बांधायला लावला, तिथं सगळीकडं पाणी शिंपडलं म्हणजे घाण उडायला नको, अन् चिमटे दाबून झाकण ओढलं.

आई गं! पहिल्यांदा खळखळ अक्षता पडल्या. काळ्या, बुरशी आलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या. मंग झेंडूचा चिखल. मंग खोबऱ्याचे कुरतडलेले तुकडे. मंग सरकी, मूठच्या मूठ सरकी, अन् लेंड्या, इतक्या लेंड्या की पायपुसणं भरलं. मी चाळणी धरून ओढली तर ती अर्धीच हातात आली, बाकीची आतच कुजून बसल्ती. उरलेली ओढली तवा तिच्यासंगं कापसाचं एक घरटं आलं, मुतानं पिवळं झालेलं, अन् त्यात एक मेलेली उंदरीण, वाळून चपटी झालेली. तिच्या पोटापाशी तिची पिल्लं, तशीच वाळलेली. त्या सगळ्याचा जो भपका आला, तो मी मरेपर्यंत विसरणार न्हाई. ही हवा! ही हवा त्या माणसानं माझ्या बहिणीच्या तोंडावर वळवून ठेवल्ती, सात-आठ वर्षं!

मागून आवाज आला, "व्वॅक!" मी वळून बघते तर दाजी शेडाच्या खांबाला धरून वाकलेले. तंबाखू, चहा, सकाळचा नाश्ता, सगळं बाहेर. शेजारचा अप्पाराव बैल सोडून पळत आला. "काय झालं हो?"

मी म्हणलं, "काही न्हाई. दाजीला गाडी लागली."

ताई मात्र तिथंच उभी. न तोंड फिरवलं, न उमासा आला. ती खाली बसली, त्या घाणीतला एक अक्षतांचा गोळा काडीनं फोडला अन् बघत राह्यली. मंग म्हणली, "ह्या तर तुमच्या पूजेच्या अक्षता." दाजी तोंड पुसत होते. तिनं दुसरा गोळा फोडला. "नैवेद्य जाळीवर ठेवायचे, तो आत पडायचा. उंदरं आत बसून खायची. कापूस शेडातलाच." तिचा आवाज चढला न्हाई. मला तिच्याकडं बघवत नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी. पोटाला वर्तमानपत्र बांधून फिरली बिचारी!

पुढचं काम ताईनंच केलं. ओल्या फडक्यानं सगळी पोकळी आतून पुसली, फडकं बदलून पुन्हा पुसली, निरमाच्या पाण्यानं पुसली, कोरडी केली. तिच्या हाताला काम लागलं की ते अर्धं राहत न्हाई. घरटं अन् उंदरीण लांब खड्ड्यात पुरली. नवी चाळणी मी तिच्या हातात दिली. तिच्यावर हवेचा बाण असतो, तो खाली ठेवायचा. तो बघून तिनं ती सरकवली, झाकण बसवलं, कप्पा वर चढवला. बाहेरच्या काळ्या जाळीखाली तिनं खिडकीला लावायच्या जाळीचा तुकडा कापून बसवला, म्हणजे पुन्हा काही आत जायला नको. दाजी लांब खाटेवर बसून बघत होते. चाव्या मागितल्या तर उठून दिल्या. मी गाडी चालू केली, पंखा पूर्ण सोडला. ताईनं झडपेला तोंड लावलं.

"कसं वाटतंय?"

"कसंच न्हाई," ती म्हणली. "नुसती हवा हाय."

दुसऱ्या दिवशी ताई हिरवं लुगडं मांडीवर घेऊन पुढं बसली. दाजीनं सवयीनं पिशवी अन् लिंबू तिच्यापुढं धरलं, तिनं ते मागं माझ्याकडं टाकलं. अंबड गेलं, काही न्हाई. जालना गेलं, काही न्हाई. ती सारखी बाहेर बघत होती. "ही शाळा कधी झाली? हा पूल नवा दिसतो. राजूरचा गणपती इथनं दिसतो होय?" दाजी म्हणले, "ह्याच रस्त्यानं गेल्ती की साखरपुड्याला." ती म्हणली, "तवा माझं तोंड पिशवीत होतं." दाजीनं गाण्याचा आवाज वाढवला.

धावड्यात ती उतरली ती चापूनचोपून नेसलेल्या लुगड्यात, कुंकू न फिसकटलेलं. विहीणबाई लिंबूपाणी घेऊन दारात आल्त्या, त्यांचा हात तसाच राह्यला. शीतल पाटावर बसल्ती, हिरवी साडी, फुलांचे दागिने. आई दिसली अन् पोरीनं तिथंच डोळे पुसले. "आलीस?" "आले." ताईनं हिरव्या बांगड्या भरल्या, उजव्या हातात एक जास्त. ओटीत तांदूळ घातले, नारळ घातला, हळकुंड घातलं, लाडू घातले, अन् पोरीच्या पोटावर हळूच हात ठेवला. मी मावशीच राह्यले, माझं काम तेवढंच होतं. लई बरं वाटलं.

इथं सगळं संपलं असतं तर मी दाजीला माफही केलं असतं. पण जेवणाच्या पंगतीत हा माणूस काय बोलला ते ऐका. बुंदीचा दुसरा वाढा घेत व्याह्यांना सांगून राह्यला, "अहो, दोष गाडीत होता. मला शंका आल्तीच. फिल्टर म्हणून असतो एक, लोकांना ठाऊकच न्हाई. मी पुंजारामकडून आणला, काढला, बसवला. बाई फस्क्लास!"

व्याही म्हणले, "म्हणजे इतकी वर्षं वहिनींचा दोष नव्हताच?"

"बिलकुल न्हाई!" म्हणून दाजी हसले. सगळी पंगत हसली.

त्या उंदरिणीची मला जेवढी शिसारी आली न्हाई, तेवढी त्या हसण्याची आली. खांबाला धरून ओकलेला माणूस, अन् मीच बसवला म्हणतो! मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण ताई बुंदीचं ताट घेऊन दारातच उभी होती. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं. मी पाण्याचा तांब्या उचलला. तिनं पंगतीला बुंदी वाढली, दाजीच्या पानातही वाढली.

निघायची वेळ झाली. व्याही, विहीण, शीतल, गल्लीतली चार माणसं, सगळे दारात. दाजीनं गाडीचं पुढचं दार उघडून धरलं. "बसा उषाबाई, आता राणीवानी बसा." ताईनं शीतलच्या गालावरून हात फिरवला, पिशवी उचलली अन् उघड्या दारापुढून सरळ चालत पुढं गेली. चौकात जालन्याची एस्टी उभी होती.

"अगं शीतलची माय, गाडी इकडं हाय!"

ती थांबली. "मी एस्टीनं येते."

"काहून? आता तर वास न्हाई, काही न्हाई."

"म्हणूनच. गाडी मला लागत न्हाई, हे आता सगळ्यांना कळलं. आता मी कशानंही गेले तरी चालंल."

दाजीनं इकडंतिकडं बघितलं, आवाज खाली केला. "दारात गाडी असून बायको लाल डब्यात? लोकं बघून राह्यलेत."

ताई वळली. तिनं आवाज खाली केला न्हाई. "माय दवाखान्यात होती तवाही तुम्ही हेच म्हणल्ते. मी फाट्यावर उभी राहिल्ते, पिशवी घेऊन. संभाजीनगरची एस्टी समोर थांबल्ती. कंडक्टर म्हणला, चढा मावशी. माझा एक पाय पायरीवर होता. तुम्ही गाडी आडवी लावली, म्हणले, लोकं बघून राह्यलेत, बस गाडीत. मी बसले. फाट्यापासून घरापर्यंत ओकले. तुम्ही म्हणले, बघ, तुला सोसत न्हाई. मला अंगणात उतरवलं अन् एकटेच गेले."

शीतलनं बापाकडं बघितलं ते मी बघितलं. मला तर हे ठाऊकच नव्हतं. दोन वर्षं माझ्या बहिणीनं हे पोटात ठेवल्तं, अन् गाव तिला लिंबू देऊन राह्यलं होतं.

मी तिच्यामागं धावले. आम्ही मागच्या सीटवर बसलो, एस्टी निघाली. धावडा मागं पडल्यावर ती माझ्याकडं वळली. मंग म्हणली, "धाकले, खरं सांग. मायला ह्यांनी काय सांगितलं होतं?"

मी खोटं बोलू शकले असते. बोलले न्हाई. "म्हणले, ती म्हणली तुम्हीच जाऊन या."

"मी म्हणले?"

"असं सांगितलं."

"मंग माय काय म्हणली?"

"काही न्हाई. नंतर तुझं नाव काढलं न्हाई. नुसती दाराकडं बघत राह्यली, शेवटपर्यंत."

ताईनं मान हलवली. रडली न्हाई. पदराचं टोक घेऊन मांडीवर घडी घालत राह्यली, उलगडली, पुन्हा घातली. मी तिचा हात धरला, तो थंडगार होता.

भोकरदनच्या स्टँडवर एस्टी थांबली. मागून ती पांढरी गाडी आली, आमच्यामागंच आल्ती वाटतं. दाजी उतरून धावत खिडकीखाली आले. घामानं डबडबलेले. तोंडात तंबाखू नव्हती. "उषे, उतर खाली. जल्दी उतर. घरी चल, काय बोलायचं ते बोल. स्टँडवर सगळी लोकं बघून राह्यलेत."

ताईनं त्यांच्याकडं नीट बघितलं. "मायनं दाराकडं बघत जीव सोडला," ती म्हणली. "तिच्याकडं कोण बघत होतं?"

कंडक्टरनं घंटी दिली. एस्टीची काच जल्दी सरकत न्हाई, गंजलेली असती. ताईनं दोन्ही हातानं ओढून ती बंद केली.